सेकंदाला अठरा चित्रं

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी, घाटातल्या तिसऱ्या वळणावर, त्याचा ट्रक पुन्हा एकदा खड्ड्यात गेला. गेला म्हणजे पडद्यावर गेला. तो स्वतः आपल्या खोलीत, आपल्या खुर्चीत, कानाला हेडफोन लावून आणि उजव्या हातात माउस धरून धडधाकट बसला होता. खड्ड्यात जाण्याचं त्याला आता काही नावीन्य राहिलं नव्हतं. नवीन होती ती पडद्यावर उमटलेली पिवळी पट्टी. पुढच्या महिन्यात खेळाची नवी आवृत्ती येणार आणि तुमच्या कॉम्प्युटरच्या ग्राफिक्सवर ती चालणार नाही, असं ती पट्टी म्हणत होती. त्याने ती मोठ्याने वाचून दाखवली, कारण एका रात्रीच्या प्रवासावरच्या शहरात, भाड्याच्या खोलीत बसून, त्याची पोरगीही तोच घाट चढत होती. तिचा ट्रक पुढे दिवे लावून थांबलेला, दर रविवारी थांबायचा तसा. "म्हणजे नवीन कार्ड घ्यावं लागणार बघ," तो म्हणाला. मग पोरगी म्हणाली, "राहू दे ना बाबा." बस, एवढंच. मग तिने ट्रक मागे घेतला, दोर लावून त्याला वर ओढलं, दोघांनी मिळून माल पोचवला, पाच वाजता ती म्हणाली चल ठेवते, हा म्हणाला ठेव. पण ते 'राहू दे' काही जागचं हलेना. दाताच्या फटीत तंतू अडकावा आणि जीभ सारखी तिकडेच जावी, तसं त्याचं झालं.

सोमवारी कामावर गेला तो ते घेऊनच. तो दात बनवायचा. दातांचे डॉक्टर वेगळे, ते लोकांच्या तोंडात हात घालतात. हा तोंड न बघता दात करणारा, चार टेबलांच्या प्रयोगशाळेत, सव्वीस वर्षं. डॉक्टरकडून जबड्याचा ठसा यायचा, त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, साच्यावर मेणाची दाढ कोरायची आणि तिच्यावरून मग पक्की दाढ. दाढेच्या माथ्यावरच्या खाचा कोरताना सुरी केसभर इकडची तिकडे झाली की माणसाला घास चावताना कच्चकन लागतं, तो डॉक्टरच्या नावाने खडे फोडतो आणि दात परत येतो. परत आलेला दात म्हणजे या धंद्यातली नामुष्की. याचा एकही दात परत येत नाही असं मालक नव्या डॉक्टरांना छाती फुगवून सांगायचे. म्हणजे गेल्या वर्षापर्यंत सांगायचे. आज तो दिव्याखाली मेण धरून बसला होता आणि मनातल्या मनात 'राहू दे' वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होता. राहू दे, उगाच खर्च नको, हा एक. राहू दे, मलाही आता कंटाळाच आलाय, हा दुसरा. राहू दे, दर रविवारी बापाला खड्ड्यातून काढायचा मी काय ठेका घेतलाय का. हा तिसरा. चौथाही एक होता, पण त्याच्या वाटेला तो गेला नाही. पलीकडच्या टेबलावरून पॉलिशवाला ओरडला, "काय हो, मेणाशी काय गप्पा चालल्यात? मेण काय म्हणतंय?" "मेण म्हणतंय, पॉलिशवाल्याला काम कमी आहे," तो म्हणाला, आणि ती दाढ अर्धी सोडून रंग जुळवायच्या कामाला उठला. रंग जुळवायला फक्त डोळे लागतात. अलीकडे तो रंगाचं काम स्वतःकडे ओढून घ्यायचा आणि कोरायचं काम दुसऱ्यांच्या गळ्यात घालायचा, आणि कुणी विचारलंच तर त्याच्याजवळ उत्तर तयार असायचं: दिवा मंद आहे, चष्म्याचा नंबर बदललाय, हल्लीचं मेणच भुसभुशीत येतं.

हे जे कार्ड तो बदलायचं म्हणत होता ते पोरीनेच दिलेलं होतं, तीच तर खरी पंचाईत. दोन वर्षांपूर्वी तिला पहिला पगार झाला तेव्हा ती एका दिवसासाठी घरी आली होती. आईला घड्याळ आणि याला तो खोका. "बाबा, आता तुझा ट्रक बघ कसा पळतो ते." ग्राफिक्स कार्ड म्हणजे काय ते त्याला तेव्हा तिनेच समजावलं होतं: पडद्यावर जे हलताना दिसतं ना, ते हलत नसतंच, एकामागून एक चित्रं काढली जातात, सेकंदाला साठ निघाली की आपल्याला वाटतं रस्ता धावतोय, वीसच्या खाली आली की रस्ता उड्या मारतो, आणि ही चित्रं काढायचं काम हे कार्ड करतं. दोघांनी जमिनीवर चादर अंथरून कॉम्प्युटरचं झाकण उघडलं, आतली धूळ फुंकली, कार्ड बसवलं. तेवढ्यात तिच्या गाडीची वेळ झाली. "मागच्या वायरी तेवढ्या जोड," असं जिन्यावरून ओरडत ती गेली, आणि त्याने त्या जोडल्या. पहिल्या रविवारी त्याने तोंड भरून कौतुक केलं. एकदम फर्स्ट क्लास, म्हणाला, लोण्यासारखं चालतंय. लोणी कसलं! रस्ता आधी जितक्या उड्या मारत होता तितक्याच मारत होता. पण पहिल्या पगाराची वस्तू. तिला काय सांगणार, की तुला कुणीतरी टोपी घातली म्हणून? चार-सहा महिन्यांनी, वळणांवर सारखा खड्ड्यात जायला लागल्यावर, त्याच्या तोंडून निघालंच: "कार्ड जरा अडखळतं गं तुझं." ती म्हणाली, "असेल." पुढे मग ते सवयीचंच झालं. ट्रक कठड्याला घासला, कार्ड. मालाची पेटी पडली, कार्ड. ती प्रत्येक वेळी म्हणायची असेल, आणि मागे वळून त्याला न्यायला यायची. आणि आता हे राहू दे.

खरं सांगायचं तर त्याला कार्डाची भीती नव्हतीच. त्याला भीती होती हाताची. त्याचे वडीलही दातच करायचे, याच धंद्यात, आणि त्यांचा उजवा हात बावन्नाव्या वर्षी हलायला लागला. हे कुणी त्याला सांगितलं नव्हतं. त्यानेच ते पाहिलं होतं, त्यांच्या शेजारच्या टेबलावर काम शिकत असताना. आधी वडील खुर्चीला शिव्या द्यायचे, तिचा एक पाय आखूड आहे म्हणून. खुर्ची बदलली. मग सुरीला. सुऱ्या बदलल्या. मग पंख्याच्या वाऱ्याला, रस्त्यावरून जाणाऱ्या अवजड गाड्यांना, घरच्या कटकटीला. कुणी आत आलं की हात खिशात जायचा. आई बिचारी वर्षभर समजत होती की नवरा रागीट झालाय, तिला खरी गोष्ट कळली ती परत आलेल्या दातांचा डबा मालकांच्या माणसाने घरी आणून ठेवला तेव्हा, आणि त्या दिवशी ती रडली नाही, नुसती म्हणाली, "मला सांगायला काय झालं होतं?" वडिलांनी त्यावर पेपर उघडला. त्यानंतर ते अकरा वर्षं जगले. नातीला मांडीवर घ्यायचे, पण डाव्या हाताने. आणि हा आता एक्कावन्न संपवून बसला होता. रोज सकाळी दाढी करताना तो हात आरशासमोर धरून बघायचा. काही दिवस तो दगडासारखा स्थिर असायचा. काही दिवस, विशेषतः कुणी बघतंय असं वाटलं की, करंगळीच्या बाजूने काहीतरी सुरू व्हायचं, अगदी बारीक, आहे म्हणावं तर आहे, नाही म्हणावं तर नाही. ट्रक खड्ड्यात जातो तो कार्डामुळे जातो की हातामुळे, हा त्याचा प्रश्न होता. कार्डामुळे जात असेल तर काहीच बिघडलं नाही. हातामुळे जात असेल तर सव्वीस वर्षांची भाकरी गेली, आणि आपणही वडिलांच्याच वाटेने निघालो. एवढं सगळं त्या खेळातल्या ट्रकवर येऊन ठेपलं होतं, आणि हे तो कुणाला सांगणार? लोक म्हणाले असते, म्हातारचळ लागला.

तर असा माणूस कार्ड निवडायला बसला. बायकोने आधीच हद्द आखून दिली होती. "दोन महिन्यांच्या किराण्याएवढे, त्याच्यावर एक छदाम नाही," ती म्हणाली, "आणि मला त्यातलं काही कळत नाही, मला विचारू नका." मग लगेच स्वतःच विचारलं, "पण नवीन आलं की खड्ड्यात नाही ना पडणार? नाहीतर नाचता येईना अंगण वाकडं!" ती आपली सहज बोलली आणि कणीक मळायला गेली, पण याच्या कानशिलात बसल्यासारखं झालं. त्याने प्रयोगशाळेतली नोंदवही घरी आणली आणि तिच्या मागच्या पानावर कार्डं लिहायला घेतली. एक होतं नवीन, लहानसं, हद्दीत बसणारं. पण त्याची मेमरी एवढीशी की ज्याने त्याने त्याला नावं ठेवली होती, म्हणे दोन वर्षांत रडायला लागेल. दुसरं दणकट, तीन पंख्यांचं, पण वापरलेलं. कुणीतरी ते कारखान्यासारखं अहोरात्र राबवून विकायला काढलेलं, वरून पुसूनबिसून चकाचक, आतून काय ते देव जाणे. तिसरं मधलं, सगळ्या बाजूंनी बरं, तर त्याला वीज एवढी लागायची की यंत्रातला पॉवर सप्लायच बदलावा लागला असता. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय. दुपारच्या सुट्टीत तो फोनवर पोरांचे व्हिडिओ बघायचा. वीस-बावीस वर्षांची पोरं, तोंडाचा पट्टा सोडल्यासारखी बोलणारी, पडद्याच्या कोपऱ्यात आकडे नाचवणारी, याचे सेकंदाला बहात्तर, त्याचे चौऱ्याण्णव. त्याने एकदा आपल्याकडचा आकडा लावून पाहिला होता. अठरा. मंगळवारी त्याने मोठं कार्ड नक्की केलं, बुधवारी लहान. गुरुवारी सकाळी पुन्हा मोठं, आणि संध्याकाळी बसची वाट बघताना त्याला एकदम उमगलं की आपण लहानाकडे का ओढले जातोय. लहान कार्ड आणलं आणि ट्रक तरीही पडला, तर म्हणता येईल, कार्डच लहान होतं. मोठं आणलं आणि पडला, तर मग म्हणायला काही उरत नाही. हे कळल्यावर त्याला स्वतःची इतकी चीड आली की समोर आलेली बस त्याने सोडून दिली आणि चालत सुटला.

चालत गेला तो थेट दुकानात. जुनं-नवं सगळं विकणारं दुकान ते, एका जिन्याखाली. काचेच्या कपाटात कार्डं ओळीने उभी, आणि गल्ल्यावर एक बाई, चष्मा केसांत खोचलेला, वयाने याच्यापेक्षा फार तर चार वर्षांनी लहान. "बोला काका," ती म्हणाली, आणि त्या काकानेच त्याचा अर्धा जोर उतरला. त्याने वही काढली, तिन्ही कार्डं वाचून दाखवली, मेमरी, वॉट, लांबी. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "अभ्यास झकास केलाय. पण आत्ता काय बसवलंय तुमच्याकडे?" त्याने नाव सांगितलं, खेळ आणि अठराचा आकडाही सांगितला. तिची भुवई वर गेली. "ते अठरा देतंय? काका, ते काही एवढं वाईट नाही हो. माझ्या भाच्याकडे तेच आहे, तोच खेळ, मस्त पळतो." "माझ्याकडे नाही पळत," तो म्हणाला, आणि त्याने उजवा हात खिशात घातला. घातला आणि त्याच्या लक्षात आलं की आपण काय केलं. तरी तो त्याला बाहेर काढवेना. "बरं, असं करा," बाई म्हणाली, "उद्या येताना मशीनचे दोन फोटो काढून आणा. एक झाकण उघडून, एक मागच्या बाजूने. आत जागा किती आहे ते बघू, मग ठरवू. उगाच घेऊन जाल आणि बसायचं नाही."

शुक्रवारी तो फोटो घेऊन गेला. तिने चष्मा केसांतून नाकावर आणला, पहिला फोटो बघितला, मान हलवली, दुसऱ्यावर गेली, आणि दोन बोटांनी तो मोठा केला. अजून मोठा केला. मग फोन त्याच्यासमोर धरून म्हणाली, "काका, या टोप्या का लावून ठेवल्यात?" त्याने पाहिलं. कार्डाच्या मागच्या बाजूला, जिथे पडद्याची वायर लागते, तिथे चार भोकं होती आणि चारही भोकांवर काळ्या प्लास्टिकच्या टोप्या होत्या. पडद्याची वायर त्याच्या वर वीतभर, मूळ मशीनच्या भोकात होती. "त्या टोप्या कारखान्यातून येतात, धूळ जाऊ नये म्हणून," बाई हळू आवाजात म्हणाली, लहान मुलाला सांगावं तसं. "काढून टाकायच्या आणि वायर इथे लावायची. तुम्ही कार्ड नुसतं आत ठेवलंय. इतके दिवस तुमचा खेळ कार्डाशिवायच चाललाय." आता यात त्याची काय चूक म्हणावी? दातांच्या कामात जबड्यात रोवलेल्या स्क्रूवर टोपी बसवून येते, आणि पहिल्या दिवशी शिकाऊ माणसाला पहिली गोष्ट सांगतात ती ही: टोपी दिसली की हात लावायचा नाही, ती ज्याची त्याने उघडायची. सव्वीस वर्षं त्याने एकाही टोपीला हात लावला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मागे वाकून वायर जोडताना त्याने चार टोप्या पाहिल्या, आणि त्याच्या हाताने, त्याला न विचारताच, त्यांच्या वरचं उघडं भोक शोधलं होतं. चित्र तर आलं होतं, मग शंका कसली घ्यायची? बाईला हसू आवरत नव्हतं, पण ती हसली नाही, तेवढं माणूसपण तिच्यात होतं. "विकलं असतं मी तुम्हाला एखादं," ती म्हणाली, "पण मग तुम्ही त्याच्याही टोप्या तशाच ठेवल्या असत्या. जा घरी. फुकट काम झालं तुमचं."

फुकट काम झालं! दुसरा कुणी असता तर नाचत घरी गेला असता. हा निघाला तो असा की कुणी पाठीमागे लागलंय. आधी त्याला पोरीचं वाईट वाटलं, इतकं की रस्त्याच्या कडेला थांबून त्याने उगाचच बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधली. पहिल्या पगाराची वस्तू, दोन वर्षं अंधारात पडून, टोप्याही न काढलेली, आणि वर तिलाच आपण बोल लावले. तिने एकदाही म्हटलं नाही की बाबा, चांगलं बघून घेतलं होतं मी. असेल म्हणाली. असेल, असेल, असेल. मग दुसरा विचार आला आणि पहिल्यावर चढून बसला: कार्ड चांगलं आहे, घरातच आहे, आता फक्त एक वायर काढून दुसरीकडे लावायची, की कळेलच. निवडायचं काही उरलं नव्हतं. लहान नाही, मोठं नाही, मधलं नाही. घरी येऊन त्याने टेबल ओढलं, टॉर्च तोंडात धरला, आणि एकेक टोपी काढली; चार टोप्या बशीत ठेवल्या. वायर हातात घेतली. आणि धरून बसला. बायको डोकावून म्हणाली, "झालं का दुरुस्त?" तो म्हणाला, "रविवारी लावेन. तिच्यासमोर." बायकोला ते गोड वाटलं, बापलेकीचं काहीतरी. त्याला स्वतःलाही तसंच वाटावं म्हणून त्याने खटपट केली. शनिवारभर तो घरात येरझाऱ्या घालत होता. फडताळ आवरलं, नळाचा वायसर बदलला, भाजी आणायला दोनदा गेला, आणि प्रत्येक वेळी त्या खोलीवरून जाताना लोंबती वायर बघून मान फिरवत होता.

रविवारी चारला त्याने आधी फोन लावला. सगळं सांगितलं, दुकानातली बाई, फोटो, टोप्या. पोरीला आधी समजेचना. "टोप्या? म्हणजे त्या काळ्या? बाबा, तू त्या काढल्याच नाहीस?" आणि मग ती जी हसत सुटली ती हसून हसून तिला ठसका लागला. "दोन वर्षं! दोन वर्षं ते कार्ड आत बसून काय करत होतं रे?" तोही हसला, बऱ्याच दिवसांनी पोटातून हसला. "तुझ्या कार्डाचा काही दोष नव्हता गं," तो म्हणाला. "मी उगाच बोलत होतो. आत्ता लावतो बघ वायर." आणि तिचं हसणं थांबलं. त्याला वाटलं होतं त्याच्यापेक्षा जरा लवकरच थांबलं. "आज राहू दे ना," ती म्हणाली. "आज तसंच खेळू. पुढच्या रविवारी लाव." "का?" "असंच." पण तोवर तो टेबलाखाली वाकलेला होता, आणि वायर, इतके दिवस जिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता ती वायर, कट् आवाज करून एका क्षणात बसली.

पडदा उजळला आणि त्याने आ वासला. घाट होता तोच, पण आता तो धावत होता. कठडे धावत होते, झाडांची पानं वेगवेगळी दिसत होती, पुढच्या ट्रकच्या चाकांखालची माती उडून खाली बसताना दिसत होती. तिच्या ट्रकच्या मागच्या फळीवर एक पांढरट डाग होता, तो त्याला दोन वर्षं डागच वाटत आला होता. आता दिसलं की ती दाढ आहे, मुळांसकट, तिने रंगवलेली. "अगं, हे केव्हा काढलंस?" "फार दिवस झाले," ती म्हणाली. पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं. तिसऱ्या वळणावर त्याने श्वास रोखला, माउस डावीकडे दाबत नेला, आणि ट्रक शहाण्यासारखा वळून वर आला. "बघितलंस?" तो ओरडला. "बघितलंस का? कार्डच होतं! म्हणजे वायर!" त्याच्या छातीवरून मणाचं ओझं उतरलं. त्याला वाटलं, उद्या सकाळी जाऊन ती अर्धी राहिलेली दाढ आपणच पुरी करायची, कुणाला देत नाही. पोरगी म्हणाली, "छान वळवलास." घाट संपला. पुढे माळ लागला आणि माळावरून सरळ रस्ता, नाकासमोर, मैलोन्‌मैल, वळण नाही की चढ नाही, करायचं काही नाही, नुसतं हातात धरून बसायचं.

आणि तिथे त्याला दिसलं. ट्रक सरळ जात नव्हता. जरासा डावीकडे, जरासा उजवीकडे, पुन्हा डावीकडे, रस्त्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे, एका लयीत. सेकंदाला अठरा चित्रांच्या उड्यांत ते कधी दिसलंच नव्हतं. उड्यांनी ते झाकून टाकलं होतं. आता साठच्या साठ चित्रं प्रामाणिकपणे त्याचा हात काढून दाखवत होती. त्याने मनगट टेबलावर दाबलं. ट्रक हलतच राहिला. त्याने श्वास रोखला, दात आवळले, खांदा ताठ केला. ट्रक हलतच राहिला. मग त्याने ब्रेक दाबला आणि माउस सोडून दिला. पुढे पोरीचा ट्रकही थांबला.

"बाबा."

"हं."

"दिसतंय मला."

माउस जुना झालाय, हे त्याच्या जिभेवर आलं होतं. टेबल डगमगतंय, हेही. बायको पलीकडे काहीतरी आपटतेय. सगळं रांगेत उभं होतं, एकाला नुसतं पुढे ढकलायचं होतं. तो म्हणाला, "केव्हापासून?"

"कार्ड बसवायला आले होते ना, तेव्हापासून. तो शेवटचा स्क्रू तुझ्या हातातून तीनदा पडला. तू म्हणालास, स्क्रूच बारीक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार होते मी?" ती म्हणाली. "मग तू कार्डाला नावं ठेवायला लागलास. म्हटलं, ठेवू दे. माझं कार्ड वाईट निघालं तर निघालं, त्यात काय एवढं. पण नवीन आणलंस की ज्याला नावं ठेवावीस असं तुझ्याकडे काही उरणार नव्हतं, बाबा."

पडद्यावर दोन ट्रक माळावर उभे होते, दिवे लागलेले, आणि गवत हलत होतं. दर रविवारी पोरगी मागे वळून का येत होती, कंटाळून की कर्तव्य म्हणून, हे आठवडाभर कुरतडत बसलो होतो आपण. आणि ती मात्र दोन वर्षं, एका रात्रीच्या प्रवासावरून, आपलं लपवणं लपवत बसली होती. त्याचे डोळे भरून आले. ते त्याने पुसले नाहीत, कारण पुसायला तोच हात उचलावा लागला असता.

"आजोबांचा हलायचा तसाच हलतो गं," तो म्हणाला. हे वाक्य तो पहिल्यांदाच बोलत होता, आणि बोलल्यावर छत वगैरे काही कोसळलं नाही.

"हो."

"मला भीती वाटते."

"मलाही वाटते, बाबा. खूप वाटते." तिने नाक ओढलं. "आईला माहीत आहे?"

"नाही."

"मग सांग ना तिला. आत्ता सांग. मी बुधवारी येते, आपण तिघं डॉक्टरकडे जाऊ. पण तिला तू सांग, मी नाही सांगणार."

"खेळ संपल्यावर सांगतो."

"बाबा."

"बरं," तो म्हणाला. "तू थांबतेस?"

"थांबते की. इथेच आहे मी."

त्याने हेडफोन काढून ठेवले आणि स्वयंपाकघरात गेला. बायको ओट्यावर डबे मांडून पुसत होती. एक हातात, तीन ओले. त्याला बघून म्हणाली, "काय, आज नाही ना पडलात खड्ड्यात?" त्याने दारातली खुर्ची ओढली, तिच्यासमोर ठेवली, आणि उजवा हात ओट्यावर, डब्यांच्या मधोमध, उघडा ठेवला.

"अगं," तो म्हणाला, "डबा ठेव खाली, आणि बस जरा."